शेवटचा माणूस पुढे गेला, त्या दिवशी

रविवारी पहाटे साडेपाचला नेरूळच्या सिग्नलपाशी आम्ही तेरा जण सायकली धरून उभे होतो आणि तात्या आले नव्हते. ज्यांनी तात्या जाधवांना पाहिलेलं नाही, त्यांना यातलं नवल कळायचं नाही. आमच्या सायकल ग्रुपमध्ये तात्या सगळ्यांच्या मागे चालवायचे, पण जमायच्या जागी सगळ्यांच्या आधी हजर. कोपरखैरण्याहून एवढं अंतर सायकल मारत यायचे, कठड्यावर बसून एकेकाच्या टायरची हवा अंगठ्याने दाबून बघायचे आणि उशिरा येणाऱ्याला "झोप झाली का सायेब?" असं इतक्या मायेने विचारायचे की तो पुढच्या रविवारी गजर लावूनच झोपायचा. त्या दिवशी कठडा रिकामा होता. आमचे म्होरके पाटणकर महाप्याच्या एका कंपनीत मॅनेजर आहेत आणि दोन मिनिटांचा उशीरही त्यांना सोसत नाही. ते वीस मिनिटं थांबून राहिले. मग त्यांचा फोन वाजला. पलीकडे तात्यांचा मुलगा होता. पाटणकर नुसते "हो... हो..." करत राहिले आणि बोलता बोलता त्यांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं. पहाटे झोपेतच गेले होते तात्या.

याला आता महिना होऊन गेला. सगळ्यांचं त्यांच्याबद्दल बोलून झालं, छान बोलून झालं. मी मात्र गप्प होते, कारण मला जे सांगायचं आहे ते सांगायला मी एक वर्ष उशीर केला आहे. म्हणून आता इथे, सगळ्यांसमोर सांगते. आणि सांगताना रडगाणं होणार नाही, कारण ज्या दिवसाबद्दल मी सांगणार आहे त्याच्यासारखा दिवस माझ्या आयुष्यात दुसरा नाही. आठवला तरी पोटऱ्या वळवळायला लागतात.

तात्या मूळचे साताऱ्याकडचे. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात उभी हयात पाठीवर गोणी वाहण्यात गेली. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून मुलाची धूळ खात पडलेली सायकल काढली आणि पाम बीच रोडवर फिरायला लागले. एकदा पाटणकरांच्या सायकलची चेन अडकली होती, ती यांनी थांबून मोकळी करून दिली आणि त्यांच्यामागोमाग आमच्यात आले. आल्याबरोबर त्यांनी शेपूट मागून घेतलं. शेपूट म्हणजे सगळ्यांत मागे राहणारा माणूस. त्याने कुणालाही ओलांडून जायचं नाही, कुणी थांबलं की थांबायचं, कुणी चालत चढ चढला तर आपणही उतरून चालायचं. हे काम कुणालाच नको असतं. पाय सळसळत असताना लगाम खेचून बसायचं म्हणजे शिक्षाच. तात्यांना विचारलं, तुम्हाला कंटाळा नाही येत? तर म्हणाले, "हमालांच्या टोळीत सगळ्यात जाणता गडी मागं असतो मॅडम. मागच्याला समदे दिसत्यात. म्होरच्याला काय दिसतंय, नुसता रस्ता."

आमच्या ग्रुपचा आणखी एक नियम आहे, तोही तात्यांनीच घालून दिलेला. वाटेत पाणी प्यायला, झाडाआड जायला, कशालाही रस्ता सोडून आत गेलात, तर हेल्मेट रस्त्याच्या कडेला दिसेल असं लटकवून जायचं. कुंपणावर, फांदीवर, मैलाच्या दगडावर. शेपटाला हेल्मेट दिसलं की तो थांबतो. हेल्मेटाचा मालक सापडेपर्यंत पुढे जायचं नाही आणि मालक सापडल्याशिवाय ते हेल्मेट जागचं काढायचंही नाही. इतका साधा नियम. मोबाइलला रेंज नसते तिथे तो भारी उपयोगी पडतो.

आता माझ्याबद्दल. मी वैशाली, बँकेत आहे, पन्नाशीला टेकले आहे आणि तोंडाने फटकळ आहे. गेल्या वर्षी शिमग्याच्या जरा आधी आमच्या ग्रुपने नवी मुंबई ते गोवा अशी किनाऱ्याच्या रस्त्याने जाणारी सफर ठरवली. मी नाव दिलं आणि तिथेच न थांबता सगळीकडे सांगत सुटले की, काही झालं तरी टेम्पोत बसणार नाही. टेम्पो म्हणजे सामान घेऊन बरोबर येणारी गाडी. जो थकतो तो सायकल टपावर टाकून तिच्यात बसतो. हे मी बँकेत सांगितलं, सोसायटीच्या लिफ्टमध्ये सांगितलं, नणंदेला फोन करून सांगितलं. नवरा म्हणाला, "खिडकीजवळची जागा धर म्हणजे वारा लागेल." लेक म्हणाली, "आई, तू पारसिक हिल चढलीस की जिन्यावर बसून राहतेस." त्या दोघांच्या हसण्याने माझा हट्ट दुप्पट झाला. टेम्पोत बसले असते तर घरी परत यायला तोंड राहिलं नसतं, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. आज हसू येतं, पण तेव्हा तो माझ्या इभ्रतीचा प्रश्न होता.

पहिले तीन दिवस मजेत गेले. चौथ्या दिवशी गुहागरहून निघालो. वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळच्या जेट्टीला पोचायचं आणि फेरीबोटीने पलीकडे जयगडला उतरायचं, असा बेत होता. नकाशावर बोटभर रस्ता. पण तो रस्ता ज्याने सायकलवरून केला आहे त्याला विचारा. समुद्राच्या कडेला उतरायचं, माडांच्या सावलीत दोन मिनिटं जीव थंड करायचा आणि लगेच भिंतीसारखा चढ चढून कातळाच्या उघड्या सड्यावर यायचं. सड्यावर झाड नाही. परत उतार, परत खाडी, परत चढ. दहा वाजताच ऊन असं तापलं की बाटलीतलं पाणी चहाच्या आधणासारखं लागायला लागलं. डांबर मऊ होऊन टायरला चिकटत होतं आणि सोडताना चुरचुर आवाज करत होतं. आणि तरीही, खरं सांगते, उतारावर सायकल सोडली की घशातून आपोआप आरोळी निघायची. वळण घेतलं की खाली निळा समुद्र अंगावर यायचा, वारा कानात घुसायचा, आणि पन्नाशीची बँकवाली बाई कुठल्या कुठे जायची. उतार मी राणीसारखी उतरत होते. चढ आला की माझी मोलकरीण व्हायची.

हेदवीच्या अलीकडचा चढ मात्र मला पुरून उरला. बाकीची मंडळी केव्हाच पुढे गेली होती. टेम्पो तर सकाळीच फेरीबोटीच्या रांगेत जागा धरायला जेट्टीवर जाऊन उभा होता. रस्त्यावर मी आणि माझ्या मागे तात्या. अर्ध्यावर मी मान वर करून पाहिलं, तर चढ वळून आणखी वर जात होता आणि त्याच्याही वर एक एसटी मुंगीएवढी दिसत होती. माझे पायच थांबले. सायकल कडेला आडवी टाकली आणि तापलेल्या दगडावर बसले, लगेच उठले, कारण दगड भाजत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं ते घामाचं की कशाचं, कळत नव्हतं.

"तात्या, टेम्पोला बोलवा," मी म्हणाले.

"रेंज न्हाय," तात्या म्हणाले. त्यांनी फोन खिशातून काढलासुद्धा नव्हता.

मग त्यांनी आपला पंचा बाटलीतल्या पाण्याने ओला केला, घडी घातली आणि माझ्या हेल्मेटच्या आत बसवला. गोणी उचलताना डोक्याला घेतात तशी ती चुंबळ. थंडावा टाळूतून मानेपर्यंत उतरला. मला म्हणाले, "तुमी वर बगितलं, तितंच चुकलं. आमी टरक भरायचो तवा फळी लावलेली असायची, वर चढायला. पाठीवर पन्नास किलो. वर बगितलं की गडी डगमगतोय. वर बगायचंच न्हाय. म्होरच्याची टाच बगायची. त्येची टाच उचलली की आपली उचलायची. बास."

"पण माझ्या पुढे आहे कोण?" मी चिडून विचारलं. चिडायला मला कारण लागत नाही.

 तात्यांनी रस्त्याकडे मागे बघितलं, पुढे बघितलं. हे किती अवघड गेलं असेल त्यांना, ते मला त्या क्षणी कळलं नाही. त्यांनी सायकल माझ्या बाजूने पुढे काढली आणि म्हणाले, "मी हाय. चल पोरी."

मॅडमची पोरी झाले ती तिथे.

तात्यांच्या कॅनव्हासच्या डाव्या बुटाला टाचेवर सायकलच्या ट्यूबचं ठिगळ होतं. काळं, चौकोनी, एका कोपऱ्यात उचकटलेलं. ते ठिगळ वर आलं की माझा डावा पाय, खाली गेलं की उजवा. बाकी जग नाही. ऊन नाही, चढ नाही, नणंद नाही. तात्या उजव्या खांद्यावरून सारखे मागे वळून माझं तोंड बघत होते, "हां... हां... फळीवर थांबायचं न्हाय," म्हणत होते, आणि मी त्या ठिगळाला डोळे चिकटवून चालले होते. किती वेळ गेला ठाऊक नाही. एकदम पायांना हलकं वाटलं, वारा लागला, आणि तात्या म्हणाले, "आता बग वर." आम्ही सड्यावर होतो. चारी बाजूंनी आभाळ आणि समोर सगळा समुद्र उलगडलेला. मी एवढ्या मोठ्याने हसले की तिथल्या टिटव्या उडाल्या. तात्याही हसत होते. त्यांच्या पाठीवर घामाचा नकाशा झाला होता. तिथून पुढे त्यांनी मला परत पुढे घालायला हवं होतं, पण दोघेही इतके रंगात आलो होतो की नियमाची आठवण दोघांनाही राहिली नाही. पुढचे दोन चढ त्याच टाचेमागे चढले आणि जेट्टीवर जाऊन धडकले. टेम्पोकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही.

जेट्टीवर टाळ्या झाल्या. मी सायकलसकट मिरवून घेतलं. पाटणकरांनी माणसं मोजली, परत मोजली, मग विचारलं, "बर्वे सर कुठायत?"

बर्वे सर वाशीच्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. ते आमच्या पुढे होते. म्हणजे आमच्या आधी जेट्टीवर असायला हवे होते. फोन लागेना. पाटणकरांच्या लक्षात आलं की तात्या जेट्टीवर आले ते माझ्या आधी आले. "तात्या, तुम्ही शेपूट ना? मग पुढे कसे? मागे काय चाललंय बघणार कोण? मी सगळं टेन्शन तुमच्यावर सोडून निवांत असतो." ते ओरडले नाहीत, पण सगळ्यांसमोर बोलले.

आता मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं, माझ्यासाठी गेले ते पुढे, मी चढावर बसले होते. पण नुकत्याच टाळ्या घेतल्या होत्या मी. टाळ्यांचा आवाज अजून कानात होता. तोंड उघडलं आणि मिटलं. तात्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते म्हणाले, "हुक्की आली. चढ बगून पाय शिवशिवलं. माजी चूक हाय." आणि सायकल वळवून, पाणी न पिता, परत त्याच रस्त्याला लागले.

मी त्यांच्यामागे सायकल का काढली, हे मला नीट सांगता येणार नाही. शरम वाटली, हे खरं. पण पाय आपोआप निघाले, हेही खरं. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो मॅडम, तुम्ही कुठे?" मी वळले नाही. दुपारचा दीड वाजला असेल. जे उतार मघाशी राणीसारखी उतरले होते ते आता चढ होऊन समोर उभे होते, आणि मी ते चढत होते. पहिल्या चढावर धापा टाकत म्हणाले, "तात्या, मी सांगायला हवं होतं. परत गेल्यावर सांगते." तात्या पुढूनच म्हणाले, "बोलन्यात दम घालवू नगं. टाच बग." दुसऱ्या चढावर माझ्या लक्षात आलं की मी टाच बघतच नाहीये. मी तात्यांच्या शेजारून चालवत होते, रस्त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला बर्वे सरांना शोधत होते आणि चढ कधी संपला ते मला कळलं नव्हतं. दुसऱ्या कुणाची तरी काळजी लागली की आपले पाय आपले राहत नाहीत, असं काहीतरी होत असावं.

आणि दिसलं. हेदवीच्या पुढे एका घराच्या वईवर, म्हणजे काट्याकुट्यांच्या कुंपणावर, पिवळंधमक हेल्मेट. अगदी रस्त्याला लागून, आंधळ्यालाही दिसावं असं. येताना आम्ही त्याच्या हातभर अंतरावरून गेलो होतो. ते होतं डावीकडे. तात्या उजव्या खांद्यावरून माझं तोंड बघत होते आणि मी त्यांची टाच.

अंगणात काजूच्या सावलीत बर्वे सर खुर्ची टाकून बसले होते. सायकल पंक्चर, पंप नाही, पायाशी कोकम सरबताचा रिकामा तांब्या. आम्हाला बघून ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "तात्या, आज बराच वेळ लावलात हो." त्यांच्या मनाला शंकासुद्धा शिवली नव्हती. घरातल्या आजी आम्हाला म्हणाल्या, "मी म्हटलं फोन करून येऊ काय वरच्या आळीत जाऊन? तर मास्तर म्हणतात, नको, शेवटचा माणूस यायचाय अजून."

तात्यांनी चाक खोललं. पंक्चर काढता काढता, सर ऐकतील म्हणून हळूच म्हणाले, "दीड तास बसला मानूस माज्या भरवशावर." एवढंच. मग आजींनी आम्हालाही सरबत दिलं. तसं सरबत मी जन्मात प्यायले नाही.

तिघे मिळून परत निघालो. तात्या शेवटी. जेट्टीअलीकडचे ते दोन चढ मी त्या दिवशी तीनदा पार केले, आणि जेट्टीवर माझं जे स्वागत झालं ते विचारू नका. 'चढाची बाई' हे नाव मला तिथे मिळालं, ते आजही आहे. उरलेल्या सफरीत शेपूट मात्र तात्यांकडून काढून दोघा तरुणांना दिलं. तात्या तीन दिवस मधोमध चालवत होते, घडीघडी मागे वळून बघत. ते बघवत नव्हतं. गोव्यात पोचल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हणाले, आज सगळ्यांसमोर सांगणार. तर म्हणाले, "कशापायी? तुजं नाव झालंय, ऱ्हाऊ दे की. आन सांगितलंस तर परत कवा तुज्या म्होरं जायाचो न्हाय बग." मी ऐकलं. सोयीचं होतं म्हणून ऐकलं, हे आता कबूल करते. पावसाळ्यानंतर शेपूट त्यांच्याकडे परत आलं, कारण त्या दोघा तरुणांना मागे राहणं जमेचना. पण "तात्या, आज हुक्की नाही ना?" ही थट्टा काही संपली नाही. तेही हसायचे. मीही हसायचे, सगळ्यांच्या बरोबरीने.

तात्या गेल्यावर पाटणकरांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही जमलो. बोलता बोलता पाटणकर म्हणाले, "एवढ्या वर्षांत त्या माणसाने एकच चूक केली. तवसाळला. तीसुद्धा हुक्की आली म्हणून." सगळे ओल्या डोळ्यांनी हसले. आणि मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, शेपूट तुम्ही घ्याल का?" मी हो म्हणाले. सांगता तिथेही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोपरखैरण्याला त्यांच्या घरी गेले. तात्यांच्या पत्नी शेवंताकाकू दारातच भेटल्या. मी बसायच्या आधीच सगळं बोलून टाकलं, चढ, टाच, टाळ्या, माझं गप्प बसणं. काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला ठावं हाय की. त्याच दिशी सांजच्याला फोन केला व्हता त्येंनी. लई खूश व्हते. म्हनले, लई वर्सांनी आज एका पोरीला फळी चढवली."

 नजर चुकवायला मी गॅलरीकडे बघितलं, तर ग्रिलला बाहेरच्या बाजूने तात्यांचं लाल हेल्मेट लटकवलेलं होतं. काकू म्हणाल्या, "शनिवारीच लावून ठेवलं व्हतं, सकाळी इसराय नको म्हनून. तवापासनं तसंच हाय. काढू का आता?"

"नको," मी म्हणाले. "आमच्यात मालक भेटल्याशिवाय काढत नाहीत."

आता रविवारी आम्ही त्यांच्या घरावरून जातो. वाट वाकडी पडते, पण पाटणकरांनीही हरकत घेतलेली नाही. बाकीचे पुढे निघून जातात. मी शेवटी असते. पहिल्या मजल्याच्या ग्रिलवर लाल हेल्मेट रस्त्यावरून नीट दिसतं. मी थांबते. नियमच आहे तो.